गाळलेली वर्षं

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बाहेरची माणसं सहसा वाट चुकूनच येत. त्यामुळे सोमवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ टेबलासमोर येऊन उभे राहिले, तेव्हा ग्रंथपालबाईंनी मान वर न करताच डावीकडच्या जिन्याकडे बोट दाखवलं. "केसपेपर खाली काढतात."

"मला इथेच यायचं होतं," ते म्हणाले. "बाहेरच्या माणसाला महिन्याचा पास मिळतो, असं फाटकावर कळलं."

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. सुरेख, गोल अक्षरात एकच शब्द होता. सेल्व्होडिन.

"या औषधावर आजवर कुणी काय काय लिहिलंय, ते मला वाचायचंय."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही हो. मुद्रितशोधक. एकोणचाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली. तिथे मला वेलांटीकाका म्हणायचे. एक वेलांटी नजरेतून सुटायची नाही म्हणून." त्यांनी चिठ्ठी बोटाने सरळ केली. "माझी लेक गेली. दोन महिने झाले. ती या गोळ्या घेत होती."

लेक एकतीस वर्षांची होती, शाळेत भूमिती शिकवायची. अर्धशिशीने बेजार होती. डोकं उठलं की वर्गाच्या खिडक्या बंद करून मुलांना गणितं घालायची आणि स्वतः टेबलावर डोकं टेकून बसायची. याच रुग्णालयात अर्धशिशीवर एका औषधाचा अभ्यास चालू होता. औषध नवं नव्हतं, रक्तदाबासाठी पूर्वीपासून वापरात होतं. ते डोकेदुखीवर चालतं का, एवढंच पाहायचं होतं. तिने सही केली. पाचव्या आठवड्यात डोळे पिवळे झाले, सातव्यात ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर कावीळ असं लिहिलं होतं.

"डॉक्टर म्हणतात, गोळीचा संबंध नाही," काका म्हणाले. "नसेलही. मला फक्त खात्री करायचीय. घरी ही म्हणते, मेलेल्या पोरीची चिरफाड अजून किती वेळा करणार?"

बाईंनी पास करून दिला. औषधाचं नाव त्यांना ओळखीचं वाटलं होतं. पण रोज पन्नास नावं डोळ्यांखालून जातात, तेव्हा त्यांनी ते तेवढ्यावरच सोडलं.

मग त्यांनी काकांना संगणकासमोर बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत तसं शिकवायला घेतलं. डेटाबेसमध्ये लेख नसतात, लेखांच्या नोंदी असतात. कुणी लिहिलं, कुठे, कधी, कशावर. दोन शब्दांमध्ये 'किंवा' घातलं की जाळं रुंद होतं, 'आणि' घातलं की अरुंद. 'वगळून' जपून वापरायचं, नको ते काढायला जावं तर हवं तेही जातं.

"प्रुफात काट मारताना शेजारचं अक्षर जातं, तसं," काका म्हणाले.

ते दोन बोटांनी टाइप करत, पण एकही अक्षर चुकत नव्हतं. एखादा शब्द दोन तऱ्हांनी लिहितात का, हे ते आपणहून विचारत आणि दोन्ही घालत. ही गोष्ट एमडीच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात शिरायला बाईंना दोन-दोन तास लागत. दुपारपर्यंत काकांनी वहीत सत्तावीस नोंदी उतरवून घेतल्या. यकृताबद्दल वाईट असं कशातच नव्हतं.

ते गेल्यावर बाईंनी डॉक्टरांसाठी केलेल्या शोधांच्या जुन्या विनंत्यांची फाइल काढली. कागद मिळायला वेळ लागला नाही. दीड वर्षापूर्वीचा. विषय: सेल्व्होडिन, अर्धशिशी, सुरक्षितता. मागणी मेंदूविकार विभागाच्या प्रमुखांची. नोंदी एकसष्ट. वर छापील अक्षरात 'सर्वंकष शोध' आणि खाली बाईंची सही.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला, पण औषधामुळे नाही. त्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ सहा वर्षांनी परदेशातून येत होता. गाडी पावणेपाचला होती. विभागप्रमुखांचा फोन तीनला आला होता: "मॅडम, नीतिसमितीपुढे उद्या अभ्यासाच्या परवानगीचा प्रस्ताव ठेवायचाय. मागची पंधरा वर्षं पाहिलीत तरी पुरे." पंधरा वर्षं का, हे बाईंनी विचारलं नव्हतं. विषयकोशात औषधाचं पान उघडून त्याला आधी दुसरं नाव होतं का, हेही पाहिलं नव्हतं. त्याला अर्धं मिनिट लागतं. त्या चार वाजता पर्स घेऊन निघाल्या होत्या. स्टेशनवर भावाला मिठी मारून रडल्या होत्या.

मंगळवारी पाच वाजता वाचनकक्ष रिकामा झाल्यावर त्यांनी विषयकोश उघडला. औषधाच्या नावाखाली बारीक टाइपात ओळ होती: पूर्वीचं नाव टार्मिक्साल. त्यांनी दोन्ही नावं 'किंवा'ने जोडली, वर्षांची मर्यादा काढली आणि 'आणि यकृत' असं लिहिलं.

नोंद बेचाळीस वर्षांपूर्वीची होती. कुठल्याशा लहान नियतकालिकातली, दोन पानांची. टार्मिक्साल घेणाऱ्या चार स्त्रियांमधील यकृत निकामी होण्याच्या घटना. सारांश नव्हता. नियतकालिकाचे जुने खंड तळघरात होते. बाई किल्ली घेऊन खाली गेल्या आणि तिथेच शिडीच्या पायरीवर बसून त्यांनी ती दोन पानं वाचली. चौघीही चाळिशीच्या आतल्या. चौघींचेही डोळे चौथ्या ते सहाव्या आठवड्यात पिवळे झाले होते. तिघी दगावल्या. शेवटी लिहिलं होतं की तरुण स्त्रियांना हे औषध देताना दर आठवड्याला रक्त तपासावं, आणि शक्यतो देऊच नये.

बुधवारी त्या विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. त्यांनी लेखाची प्रत टेबलावर ठेवली. विभागप्रमुखांनी ती शांतपणे वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. मग उठून दार लावून घेतलं.

"बेचाळीस वर्षांपूर्वीच्या चार बायका," ते म्हणाले. "तेव्हाच्या गोळीत काय मिसळलेलं होतं कुणास ठाऊक. हे पुरावा म्हणून टिकणार नाही."

"सर, पण तुमच्या अभ्यासातली एक मुलगी..."

"तिला कावीळ झाली. गावात तेव्हा कावीळ होती." त्यांनी ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. "हा तुमचाच ना? वर काय छापलंय? सर्वंकष शोध. सही कुणाची?"

"पंधरा वर्षंच पाहायला तुम्ही सांगितलं होतं. फोनवर."

"मला असं काही आठवत नाही." त्यांचा आवाज चढला नाही, उलट जरा मऊ झाला. "मॅडम, मी तुमच्याच भल्याचं सांगतोय. चौकशी लागली तर माझा एक अभ्यास जाईल. तुमची नोकरी जाईल. तुम्ही हे वाचलंच नाही असं समजा. मीही तसंच समजतो."

घरी बाईंनी नवऱ्याला सांगितलं. नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासत असे. माणूस भला, पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकून कुठल्याही तक्रारीपासून चार हात लांब राहायला शिकलेला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "तू मुद्दाम केलंस का? नाही. तुझ्याकडून एक राहून गेलं. ते म्हातारे चार दिवस येतील, मग थकतील."

"ते थकणारे नाहीत."

"मग त्यांचं त्यांना सापडू दे. तू कशाला आपणहून विस्तवावर पाय देतेस?"

हे बाईंना पटलं. म्हणजे पटवून घेणं सोयीचं होतं. त्यांनी ठरवलं की आपण लपवायचं नाही आणि सांगायचंही नाही.

पण ते तसं राहिलं नाही. काका रोज दहाला येत, कोट खुर्चीच्या पाठीला अडकवत आणि आदल्या दिवशीची वही उघडत. बाई त्यांना सगळं शिकवत होत्या: शब्दाचं मूळ लिहून पुढे ताऱ्याची खूण देऊन त्याची सगळी रूपं कशी धरायची, एका डेटाबेसात नसेल ते दुसऱ्यात कसं पाहायचं, चांगला लेख सापडला की त्याच्या तळटिपांवरून मागे कसं जायचं. फक्त विषयकोशाचं पान त्यांनी उघडून दाखवलं नाही. शुक्रवारी काकांनी पडद्यावर डावीकडे असलेल्या विषयकोशाच्या बटणावर बोट ठेवून विचारलंदेखील, "हे काय असतं?" बाई म्हणाल्या, "ते आम्हा लोकांसाठी. तुम्हाला लागणार नाही." हे वाक्य बोलून झाल्यावर त्यांना आपलाच आवाज परका वाटला. त्या उठून पाणी प्यायला गेल्या.

दुपारी काका डबा खायला बाहेरच्या बाकावर बसत. एकदा त्यांनी बाईंनाही बोलावलं. लेकीबद्दल ते फार बोलत नसत, बोलले तर उगाच काहीतरी. ती लहानपणी प्रुफांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्रिकोण काढायची. मोठी झाल्यावर वडिलांच्याच पत्रातल्या चुका काढायची. "माझ्यावर गेली होती," ते म्हणाले. "मी तिला म्हणायचो, अगं, माणसं आहेत ती, प्रुफं नाहीत. जरा सोडून द्यावं." मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "तिने तो संमतीचा कागद दोनदा वाचला होता. मीही वाचला. त्यात एकही चूक नव्हती."

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी काका खुर्चीत बसले, पण त्यांनी वही उघडली नाही.

"बाई, रात्री मला एक आठवलं. आमच्याकडे शाळेचा भूगोल छापायला यायचा. गावांची नावं बदलली की आम्हाला पुढे कंसात जुनंही ठेवावं लागायचं, नाहीतर जुना नकाशा घेऊन बसलेल्या पोराला गाव सापडणार कसं? औषधांची नावं बदलतात का?"

काका वाट पाहत राहिले. त्यांना घाई नव्हती. शेवटी बाईंनी हात पुढे करून ते डावीकडचं बटण दाबलं आणि खुर्ची मागे सरकवली.

काकांनी बारीक टाइपातली ओळ वाचली. जुनं नाव वहीत उतरवलं, स्पेलिंग पुन्हा तपासलं. दोन्ही नावं 'किंवा'ने जोडली आणि पुढे 'आणि यकृत' लिहिलं. वर्षांच्या चौकटी त्यांनी रिकाम्याच ठेवल्या. नोंद पडद्यावर आली. ती त्यांनी प्रूफ वाचावं तशी अक्षरावर बोट ठेवत वाचली.

"हा लेख कुठे मिळेल?"

बाईंनी टेबलाच्या खणातून प्रत काढून त्यांच्यासमोर ठेवली.

काकांनी आधी प्रतीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "तुमच्याकडे तयार होती."

"हो."

"कधी सापडला तुम्हाला?"

"मंगळवारी."

"परवाच्या?"

"नाही. त्याच्या आधीच्या."

काकांनी बोटांवर मोजलं. "नऊ दिवस." ते रागावले नव्हते, निदान तसं दिसत नव्हतं. बाईंनी मग सगळंच सांगून टाकलं: दीड वर्षापूर्वीचा फोन, पंधरा वर्षं, भावाची गाडी, न उघडलेलं अर्ध्या मिनिटाचं ते पान, सही, विभागप्रमुखांची खोली. सांगताना आपण मध्येच थांबू असं त्यांना वाटलं होतं, पण त्या थांबल्या नाहीत. काका लेख वाचत वाचत ऐकत होते. शेवटच्या परिच्छेदापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हा अभ्यास अजून चालू आहे?"

"हो."

"म्हणजे आजही कुणीतरी या गोळ्या घेतंय?"

नऊ दिवस बाई नोकरीचा विचार करत होत्या, नवऱ्याचा, या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे कसं पाहायचं याचा. हा प्रश्न त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता. त्यांनी फोन ओढला आणि नीतिसमितीच्या अध्यक्षांचा नंबर फिरवला. अध्यक्ष वयस्कर शरीरशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, फक्त म्हणाल्या, "प्रत घेऊन या. आत्ता." बाई आणि काका दोघंही गेले. संध्याकाळी सहाच्या आत अभ्यासातल्या एकोणचाळीस जणांना फोन गेले: गोळ्या थांबवा, उद्या रक्त द्यायला या.

अडतीस जण आले. एक बाई आल्या नाहीत. त्या कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायचं काम करत, चौतीस वर्षांच्या, दोन मुलं. तीन दिवसांपासून त्यांना उलट्या होत होत्या आणि शिळ्या खाण्यामुळे असेल म्हणून त्या घरी पडून होत्या. गोळी मात्र नेमाने घेत होत्या. डोळे पिवळे झाल्याचं त्यांच्या सासूच्या ध्यानात आलं होतं. रुग्णवाहिका पाठवून त्यांना आणलं. सोळाव्या दिवशी त्या गेल्या.

नऊ दिवस आधी गोळ्या थांबवल्या असत्या तर त्या वाचल्या असत्या का, हे बाईंनी चौकशी समितीलाच विचारलं. यकृताचे डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित वाचल्या असत्या, कदाचित तेव्हाही उशीर झालेला असेल. बाईंना 'नाही' हवं होतं किंवा 'हो' हवं होतं. दोन्हीपैकी काही मिळालं नाही.

चौकशी दोन महिने चालली. फोनचा पुरावा नव्हता. विभागप्रमुख स्वच्छ कपड्यांत आले, खेद वाटतो म्हणाले आणि छापील 'सर्वंकष शोध' हे शब्द समितीला दाखवले. अहवालात दोष साहित्यशोधातल्या मानवी चुकीचा ठरला. विभागप्रमुखांना वर्षभर नवा अभ्यास घ्यायला मनाई झाली. बाईंची बदली तळमजल्यावर, जुन्या केसपेपरांच्या खोलीत झाली. ग्रंथालयातला विनंतीचा फॉर्म बदलला. त्यात एक नवा रकाना आला: पूर्वीची नावं तपासली का?

घरी नवरा "मी सांगत होतो" असं म्हणाला नाही. आठवडाभर तो सकाळी उठून स्वतःच चहा करून बाईंच्या हातात देत राहिला. भावाचा परदेशातून फोन आला, तेव्हा त्यांनी त्याला यातलं काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "ताई, आवाज का असा?" त्या म्हणाल्या, "सर्दी आहे."

काका एके दिवशी केसपेपरांच्या खोलीच्या खिडकीशी आले. हातात अहवालाची प्रत होती. त्यांनी तिच्यावर लाल पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

"एकोणतीस चुका आहेत," ते म्हणाले. "लेकीचं वय सदतीस छापलंय. मी दुरुस्त करून पाठवली. त्यांनी पोच दिली, बस."

मग ते ज्यासाठी आले होते ते त्यांनी सांगितलं. त्यांना एक पत्र लिहायचं होतं, एखाद्या वैद्यकीय नियतकालिकाला. दोन बायका गेल्या, हे छापून यायला हवं. अहवाल कपाटात जाणार. कपाटातलं कुणाला सापडतं? "तुम्ही मदत कराल का? मला त्यांची भाषा येत नाही."

"काका, तुम्ही मला विचारताय?"

"दुसऱ्या कुणाला विचारू? ते कुठे आणि कसं शोधतात, ते तुम्हालाच ठाऊक आहे." त्यांनी अहवाल काखेत धरला. "तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरलं की सांगेन. पण हे काम थांबायला नको."

दुपारच्या सुट्टीत बाकावर बसून त्यांनी पत्र लिहिलं. तीन आठवडे लागले. नीतिसमितीच्या अध्यक्षांनी रक्ततपासण्यांचे आकडे वापरायची परवानगी मिळवून दिली आणि पत्राखाली आपली सहीही केली. शीर्षकात औषधाची दोन्ही नावं आली पाहिजेत, हा काकांचा हट्ट होता. विषयशब्द बाईंनी निवडले. पहिल्या नियतकालिकाने नाकारलं. दुसऱ्याने पाच महिन्यांनी छापलं, अकरा ओळींत. बाकीचं सगळं कापलं होतं. लेक त्यात 'एकतीस वर्षांची स्त्री' होती आणि कापड बेतणारी बाई 'चौतीस वर्षांची स्त्री'.

काकांनी छापलेलं पान हातात घेतलं तेव्हा बाई शेजारीच होत्या. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "नाव नसतंच का?"

"नसतं. रुग्णाचं नाव छापत नाहीत."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक एकही नाही." पण त्यांनी पानाची घडी केली ती वाकडी पडली. बाईंबद्दल काय ठरलं, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. पुढे कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर काका आले नाहीत. महिना गेला, दोन गेले. नियतकालिकाच्या कचेरीतून लेखकांसाठी आलेल्या जादा प्रती बाईंकडे पडून होत्या. एका रविवारी त्या प्रती घेऊन बाई काकांच्या पासावरच्या पत्त्यावर गेल्या. दुसरा मजला, अरुंद जिना, दारावर लेकीच्या नावाची पाटी तशीच. दार काकांच्या बायकोने उघडलं. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, हात ओले. बाईंना त्यांनी याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं.

"ते झोपलेत," त्या म्हणाल्या. "डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. वाचायला बंदी आहे. तीच काय ती शिक्षा त्यांना जाचते."

बाईंनी पाकीट पुढे केलं. त्यांनी पदराला हात पुसून ते घेतलं, उघडलं नाही.

"तुमच्याबद्दल ते चांगलं बोलतात," त्या म्हणाल्या. "शेवटी सांगितलंत म्हणतात. नाही सांगितलं तरी चाललं असतं, असं सांगणारे कितीजण असतात, म्हणतात. असेल. मी काही शिकलेली नाही, मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की अर्ध्या मिनिटाचं काम होतं."

"हो," बाई म्हणाल्या.

"मी तुम्हाला बसा म्हणू शकत नाही. राग मानू नका."

"नाही मानत."

"जिना जपून उतरा. खालची पायरी सैल आहे."

दार हळूच लागलं. बाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली आल्या.